लांब पल्ल्याची लेन्स घेतांना

घरांत एखादी मोलाची वस्तु यावयाची झाली म्हणजे तिची चर्चा घरांतल्या माणसांपुरती राहत नाहीं, हा सर्वांचाच अनुभव आहे. शेजारी सल्ला देतात, व्याही देतात, आणि ज्यांनीं ती वस्तु कधीं हातांत धरलेली नसते ते सर्वांत अधिक देतात. गेल्या वर्षीं आम्हीं कॅमेऱ्यासाठीं लांब पल्ल्याची एक झूम लेन्स घेण्याचें मनांत आणलें, तेव्हां आम्हांलाहि असल्या सल्ल्यांचा लाभ भरपूर झाला. त्यांतून जें टिकलें तें, आणि पुढें तीन-चार महिन्यांच्या खटपटींत जें उमगलें तें, या छंदाकडे वळूं पाहणाऱ्या वाचकांपुढें मांडावें असा विचार आहे. रक्कम थोडीथोडकी नसते. या जातीची नवी लेन्स घ्यावयाची म्हणजे दीड-दोन लाखांच्या आसपास मोजावे लागतात, आणि निवृत्त माणसाला हा आंकडा उच्चारतांना आवाज जरा खालींच न्यावा लागतो.

आमची गरज दुहेरी होती. पक्ष्यांचें खातें आमच्या घरीं सौभाग्यवतींकडे आहे. तीस वर्षांपासून त्या एका वहींत दिसलेल्या पक्ष्यांची तारीखवार नोंद ठेवीत आल्या आहेत. आम्ही आपले पिशवी धरणारे. परंतु दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या गुडघ्यांनीं असहकार पुकारला. तेव्हांपासून पुण्याहून सोलापूर रस्त्यानें जावें, कवडीच्या जुन्या बंधाऱ्यापाशीं गाडी उभी करावी, आणि घडीच्या खुर्चींत बसून मुळामुठेच्या पात्राकडे पाहावें, एवढीच त्यांची मजल उरली आहे. तेथलें पाणी आतां फेंसाळ असतें, जलपर्णी माजलेली असते, वासाविषयीं तर विचारूंच नये. तरी हिवाळा लागला कीं चक्रवाक येतात, शेकाटे लांब तांबड्या पायांनीं उथळांत फिरतात, आणि चिखलाच्या कडेनें चिखल्यांची धांवपळ सुरू होते.

या चिखल्यांनींच सारा घोळ घातला. कंठेरी चिखल्या आणि केंटिश चिखल्या हे दोन्ही पक्षी चिमणीहून जेमतेम थोर, दोन्ही वाळूच्या रंगाचे, दोन्ही तुरुतुरु धांवणारे. कंठेरीच्या डोळ्याभोंवतीं पिवळें कडें असतें, दुसऱ्याच्या नसतें. पूर्वीं सौभाग्यवती दबकत दबकत पुढें जात, दुर्बीण लावीत आणि निकाल देत. आतां खुर्ची जेथें आहे तेथेंच राहते, पक्षी चाळीस मीटरांपलीकडे असतो, आणि आमच्या जुन्या ७०-३०० च्या लेन्सनें काढलेलें चित्र पाहून त्या म्हणतात, "अहो, याचा डोळा कुठें आहे?" ज्या वहींत तीस वर्षें एकहि प्रश्नचिन्ह नव्हतें तींत गेल्या दोन हिवाळ्यांत अकरा प्रश्नचिन्हें आलीं. त्यांविषयीं त्या कांहीं बोलत नाहींत. पण पान उलटतांना हात थबकतो, तो आम्हांस दिसतो.

दुसरी गरज नातीची. ती सोळा वर्षांची आहे व शाळेच्या संघांत मध्यमगती गोलंदाजी करते. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईस भारतीय महिलांनीं विश्वचषक जिंकला, तेव्हांपासून तिच्या खेळाकडे घरांतले सर्वच जरा निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागले आहेत. आम्हीं तिच्या सामन्याचे फोटो काढून दाखविले, तर तिनें ते मन लावून पाहिले आणि विचारलें, "आजोबा, ह्यांत मी कोणती?"

म्हणजे एकाच लेन्सनें पक्ष्याचा डोळाहि दिसावा आणि नातीचा चेहराहि ओळखूं यावा, एवढें आमचें मागणें. दुकानांतला तरुण विक्रेता मोठा उत्साही होता. "काका, सहाशेंची घ्या, डोळे मिटून घ्या," असें तो म्हणाला. पाहण्यासाठीं घ्यावयाची वस्तु डोळे मिटून घ्यावी, हें कांहीं आम्हांस रुचलें नाहीं. घरीं येऊन आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

हा हिशेब साध्या त्रैराशिकाचा आहे, आणि दुकानांत जाण्यापूर्वीं प्रत्येकानें तो करावा. कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या नाभीय अंतरानें भागावें व वस्तु जितकी दूर असेल त्या अंतरानें गुणावें. जो आंकडा येईल तितकी रुंद जागा चित्रांत मावते. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. चाळीस मीटरांवरून ३०० च्या लेन्समध्यें तीन मीटरांहून थोडी अधिक जागा येते, आणि सोळा सेंटिमीटरांची चिखली तींत विसाव्या हिश्शाइतकी उरते. ५०० ला तीच बाराव्या हिश्शाची होते, ६०० ला दहाव्या. तीनशेंवरून पांचशेंवर जाण्यांत मोठा लाभ आहे, हें उघड झालें; परंतु पांचशेंवरून सहाशेंवर जाण्यांतला लाभ दुकानदाराच्या आवाजांत जेवढा असतो तेवढा कागदावर नसतो. सहाशेंची लेन्स चाळीस मीटरांवरून जें चित्र देते, तेंच पांचशेंची तेहेतीस मीटरांवरून देते. ज्याचे पाय धड आहेत त्यानें सात मीटर चालावें. आमच्या येथें ते सात मीटर आम्हांलाच चालावयाचे होते, सौभाग्यवतींना नव्हे, म्हणून ते परवडण्यासारखे होते.

क्रिकेटचें गणितहि असेंच जमलें. खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा साठ मीटरांच्या पुढें असते, आणि शाळेच्या मैदानांत सीमारेषेबाहेर उभें राहण्यास कोणी हरकत घेत नाहीं. (मोठ्या सामन्यांना बहुतेक ठिकाणीं प्रेक्षकाला अशी लेन्स आंत नेऊं देत नाहींत, हें आधींच सांगून ठेवतों, विश्वचषकाचीं चित्रें घरीं काढण्याच्या आशेनें कोणीं खर्च करूं नये.) पासष्ट मीटरांवरून ५०० च्या लेन्समध्यें सुमारें दोन मीटर उंचीची चौकट मिळते, तींत उभा खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत नेमका बसतो. तीच लेन्स २०० वर आणली कीं गोलंदाज, पंच व धांवणारा फलंदाज एकत्र येतात. आणि चेंडूमागें धांवत एखादी मुलगी थेट आपल्याच अंगावर आली तर? पंधरा मीटरांवर पांचशेंच्या चौकटींत नुसतें तिचें तोंड मावतें. त्या क्षणीं झूमचें वळें फिरवून मागें येतां आलें नाहीं, तर तो झेल गेलाच. एकाच नाभीय अंतराच्या स्थिर लेन्सा अधिक स्वच्छ चित्र देतात हें खरें, पण मैदान आपल्या सोयीनें पुढेंमागें सरकत नाहीं, म्हणून आम्हीं झूमचाच पक्ष घेतला.

आतां प्रकाशाकडे वळूं. कारण पैशाचा खरा उलगडा येथें होतो. लेन्सवर एफ/२.८, एफ/५.६ असे जे आंकडे असतात ते नाभीय अंतराला भिंगाच्या उघड्या तोंडाच्या व्यासानें भागून आलेले असतात. ६०० ला ६.३ नें भागा, ९५ येतात. आणि या जातीच्या बहुतेक लेन्सांवर ९५ मिलिमीटरचाच फिल्टर बसतो, तो उगीच नव्हे. ६०० एफ/४ हवी असेल तर तोंड १५० मिलिमीटर, वजन तीन किलोंच्या घरांत, आणि किंमत दहा लाखांच्या वर. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार मैदानाच्या कडेला ज्या तोफा रोखून बसलेले दिसतात त्या या जातीच्या.

एफ/२.८ नें मिळणारा प्रकाश जर पुरा रुपया धरला, तर एफ/५.६ वर चार आणे हातीं येतात. ६.३ वर तीन आण्यांहून किंचित् अधिक, ८ वर दोन आणे, ९ वर दीड, आणि ११ वर अवघा एक आणा. कॅनननें २०२० सालीं ६०० व ८०० च्या अशा दोन हलक्या लेन्सा काढल्या, त्या एफ/११ च्या. आणि २०२३ ची २००-८०० लांब टोंकाला एफ/९ वर येते. भर उन्हांत बगळा टिपावयाचा असेल तर एक आणाहि पुरतो. पण पांखरें आणि वाघ हे दोघेहि उन्हें वर आलीं कीं आड जातात. त्यांचा बाजार पहाटे व तिन्हीसांजेला भरतो, आणि त्या वेळीं आण्याआण्याचा हिशेब लागतो. ५.६ आणि ६.३ यांच्यांत मात्र पाव हिश्शाहून कमी फरक आहे, त्यावरून कोणीं रात्रीची झोंप घालवूं नये.

याच ठिकाणीं 'जंगल आणि मैदान, दोन्हींसाठीं एकच' या घोषणेंतली मेख उघडी पडते. क्रिकेट, फुटबॉल, हॉकी हे दिवसाउजेडीं, मोठ्या मैदानावर चालणारे खेळ. त्यांना वन्यजीवांची लेन्स चालते. पण ज्यांची नात कबड्डी खेळते त्यांनीं काय करावें? कबड्डीचें मैदान पुरुषांसाठीं १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, महिलांसाठीं १२ व ८; सामना बंद सभागृहांत, संध्याकाळीं, दिव्यांच्या उजेडांत. तेथें पांचशेंची लेन्स म्हणजे देव्हाऱ्यांत हत्ती. चढाई करणारीचा हात गोठवावयाचा तर सेकंदाचा हजारावा भाग तरी पाहिजे, आणि चार आण्यांच्या उजेडांत तो मिळत नाहीं. चित्र कणाकणांनीं भरून जातें. त्यांनीं ७०-२०० एफ/२.८ घ्यावी आणि या लेखाचें पान खुशाल उलटावें. लेन्समधल्या कंप-निवारणाचा भरंवसा दाखविणारेहि पुष्कळ भेटतात. तें आपल्या हाताचा कंप आवरतें; समोरचीच्या हाताचा वेग त्याला आवरत नाहीं.

वजनाचें प्रकरण आम्हीं कागदावर सोडविलें नाहीं. पुण्यांत लेन्सा दिवसाच्या भाड्यानें मिळतात, ही फार मोठी सोय आहे, व तिचा उपयोग न करतां लाखाची वस्तु घेणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें. तीन रविवार तीन लेन्सा आणल्या. सिग्माची १५०-६०० 'स्पोर्ट्स' २.८६ किलोची, ती उचलून चिखलीच्या मागें फिरतांना दहा मिनिटांत खांदा बोलूं लागला. कॅननची १००-५०० जेमतेम १.४ किलोची, हातांत फुलासारखी. परंतु तिच्यासाठीं कॅमेराहि नवा हवा, आणि तिची किंमत ऐकून आमच्या मुदतठेवीनें मान खालीं घातली. तिसरी निकॉनची २००-५०० एफ/५.६. ही २०१५ सालीं बाजारांत आली, सारी लांबीभर एफ/५.६ राखते, आणि आमच्या जुन्या कॅमेऱ्यावर तशीच बसते. वजन २.३ किलो. कॅमेऱ्यासकट तीन किलोंचें ओझें सत्तरीच्या हातांनीं किती वेळ धरावें? मैदानावर एकपायी टेका, म्हणजे मोनोपॉड, घेतला कीं प्रश्न उरत नाहीं. गाडीच्या खिडकींतून टिपावयाचें असेल तर त्याहून स्वस्त युक्ति आहे: जाड कापडाची पिशवी शिवून तींत दोन किलो तांदूळ भरावे, ती खिडकीच्या कांचेवर ठेवावी आणि लेन्स तींत रुतवावी. जंगलांत जाणारी सारी मंडळी हेंच करतात. आमच्या घरीं परत आल्यावर ते तांदूळ कोणत्या डब्यांत जातात, हें पाहुण्यांनीं विचारूं नये.

भिगवणला मात्र हे सारे टेके निरुपयोगी. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पाहावयास जावें तें नांवेंतून, आणि नांव डुलत असतांना तिपाई डुलते, आपणहि डुलतों. तेथें लेन्स हातांतच धरावी, डाव्या तळव्यावर तोलावी, कोपर छातीला लावावें. नांवाड्याला निघतांनाच सांगून ठेवावें कीं थवा उडवावयाचा नाहीं. गिऱ्हाइकाला उडते पक्षी आवडतात असा त्याचा समज असतो, व तो समज गिऱ्हाइकांनींच करून दिलेला आहे. लांब लेन्सचा सर्वांत मोठा गुण आमच्या मतें हाच, कीं ती पक्ष्याला त्याच्या जागीं राहूं देते. घरट्यावर मात्र कोणतीच लेन्स रोखूं नये, लांबहि नाहीं.

लांब भिंगांचा इतिहासहि मोठा मनोरंजक आहे. साध्या भिंगाचें नाभीय अंतर अर्धा मीटर असेल तर नळकांडेंहि अर्धा मीटर लांब करावें लागतें. मागें एक अंतर्गोल गट बसवून ती लांबी आटोक्यांत आणण्याची, म्हणजेच खऱ्या टेलिफोटोची, रचना १८९१ सालीं इंग्लंडांत डॅलमायर यांनीं सिद्ध केली. त्याच सुमारास जर्मनींतहि ती स्वतंत्रपणें झाली. आमची पांचशेंची लेन्स मिटलेली असतांना सुमारें २७ सेंटिमीटरच भरते, ती त्या युक्तीमुळें. आणि तरीहि हिंदुस्थानांतल्या वाघांचीं पहिल्या काळांतलीं नामांकित चित्रें लांब लेन्सचीं नव्हेतच. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनीं वाटेवर तार आडवी लावून, वाघाच्या पायानेंच कॅमेरा व प्रकाशझोत चालवून तीं काढलीं, आणि त्यांचें पुस्तक १९२७ सालीं निघालें. वाघ आपला फोटो आपणच काढीत असे, म्हणाना!

लेन्स पारखण्याविषयीं दोन शब्द. दुपारीं पारखूं नये. दख्खनच्या माळावर नऊ-दहा वाजल्यानंतर जमिनीवरची हवा तापून हलूं लागते, आणि लांब लेन्स त्या हलत्या हवेचेंच चित्र काढते. शंभर मीटरांवरचें हरिण पाण्यांत बुडाल्यासारखें दिसतें. दहा लाखांच्या लेन्सलाहि मृगजळ चुकत नाहीं. पुष्कळ लोक अशा वेळीं लेन्सला दोष देऊन ती परत करावयास जातात. सकाळीं, गार हवेंत, पंचवीस-तीस मीटरांवरच्या छापील फलकाचीं अक्षरें टिपून पाहावीं. लांब टोंकावर तीं स्वच्छ आलीं तर वस्तु चांगली.

आम्हीं अखेर २००-५०० च घेतली, आणि ती वापरलेली. नव्या लेन्सच्या निम्म्याहून थोड्या अधिक दरांत मिळाली. वापरलेली घेतांना आमच्या हवेंत एका शत्रूचा शोध आधीं घ्यावा लागतो, तो म्हणजे बुरशी. दोन्ही बाजूंचीं झांकणें काढून एकीकडून विजेरीचा झोत टाकावा आणि दुसरीकडून तिरकें पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीहि उतरो, नमस्कार करून निघावें. आम्ही पाहिलेल्या पहिल्या दोन लेन्सांत ते होते, आणि एका विक्रेत्यानें ती धूळ असल्याचें शपथेवर सांगितलें. तिसरी स्वच्छ निघाली.

नातीचा या निवडीला पूर्ण पाठिंबा नव्हता, हें नमूद केलें पाहिजे. नव्या आरसाविरहित कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा आपोआप सांपडतो, आणि आजोबा जुन्यालाच चिकटून बसले, असें तिचें म्हणणें. तिच्या म्हणण्यांत तथ्य आहे. आमची लेन्स केंद्रित होण्यांत कांहीं सर्वांत चपळ नव्हे. भिरभिरत्या पाकोळीच्या मागें ती धापा टाकते. पण मधला जोड घालून तीच लेन्स निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांवरहि चालते, तेव्हां पुढें-मागें नातीनें कॅमेरा बदलला तर लेन्स तिला उपयोगी पडेल. डिसेंबरांतल्या तिच्या सामन्याचीं चित्रें तिनें पाहिलीं. त्यांतल्या एकांत चेंडू सुटण्याच्या क्षणींचीं तिचीं बोटें शिवणीवर दिसतात. तें तिनें मागून घेतलें आणि प्रशिक्षकांना दाखविलें. बाकीचीं एकोणचाळीस चित्रें तिनें आमच्यापाशींच ठेवलीं.

जानेवारींत कवडीला धुकें होतें. साडेसातच्या सुमारास तें विरळ झालें, चिखल्या कडेला आल्या, आणि आम्हीं बंधाऱ्यावरून तेवढे सात मीटर पुढें सरकून आठ-दहा चित्रें घेतलीं. सौभाग्यवतींनीं खुर्चींत बसल्या बसल्याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठें करून पाहिलें. पिवळें कडें होतें. त्यांनीं वहींत नांव लिहिलें, तारीख घातली, आणि मागच्या अकरा प्रश्नचिन्हांपैकीं एकालाहि हात लावला नाहीं. तीं त्या दिवशींचीं, तशींच राहावीं, असें त्या म्हणाल्या.

पावसाळ्यांत या लेन्सची राहणी निराळी. चामड्याच्या पिशवींत किंवा कपाटाच्या तळाशीं ती ठेवूं नये. तेथें दमट हवा कोंडते आणि बुरशीला बस्तान मिळतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, पुड्यांचा रंग बदलला कीं त्या गरम करून वाळवाव्या. कोंकणांत राहणाऱ्यांनीं विजेवर चालणारी कोरड्या हवेची पेटी घेतली तर अधिक बरें. आमच्या येथें जून ते सप्टेंबर ती पापडांच्या डब्याशेजारीं असते, आणि आठवड्यांतून एकदां, उघाड पडेल त्या दिवशीं, गॅलरींतून समोरच्या शेवग्यावरचे बुलबुल टिपण्यासाठीं तिला बाहेर काढावें, असा घरांतून हुकूम आहे.